सप्पोरोची हिवाळी सहल: पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी मार्गदर्शक

सप्पोरो ही जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाची राजधानी. सुमारे १९ ते २० लाख लोकवस्तीच्या या शहरात दर हिवाळ्यात, दिवसादिवसांची बेरीज केली तर, पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि तरीही तिथली शाळा, कचेरी, भुयारी रेल्वे असे सगळे सुरू असते. आम्ही दोघे पुण्याहून जानेवारीच्या अखेरीस तिथे गेलो. जाण्यापूर्वी जी माहिती मिळाली ती एक तर तोक्यो-क्योतोची होती किंवा स्कीइंग करणाऱ्यांसाठी होती. ज्यांना स्की करायचे नाही, फक्त बर्फ पाहायचा आहे, गरम पाण्याच्या कुंडात बसायचे आहे आणि एकमेकांसोबत निवांत फिरायचे आहे, अशांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. दोघांपैकी ज्याला थंडी जास्त बाधते, त्याच्या बेताने सहलीची आखणी करा. एकाचे पाय गारठलेले असताना दुसऱ्याने "आता एवढेच पाहू" म्हणत पुढे चालत राहणे, यात दोघांचाही दिवस वाया जातो.

१. आधी आठवडा ठरवा, मग तिकीट

सप्पोरोचा प्रसिद्ध हिमोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला साधारण आठवडाभर असतो. १९५० साली स्थानिक शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, तिथून त्याची सुरुवात झाली. आज त्याच उद्यानात इमारतीएवढी शिल्पे उभी राहतात आणि सुसुकिनो भागात पारदर्शक बर्फाच्या कोरीव मूर्ती मांडल्या जातात. उत्सव पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. मात्र त्या आठवड्यात हॉटेलांचे दर खूप चढतात आणि सोयीच्या जागेवरील खोल्या कित्येक महिने आधीच भरून जातात.

गर्दी नको असेल, तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा उत्सव संपल्यानंतरचे दहा-बारा दिवस निवडा. बर्फ तेवढाच असतो. आम्ही उत्सवाच्या आठ दिवस आधी पोहोचलो, तेव्हा ओदोरी उद्यानात शिल्पांचे काम चालू होते. शिडीवर उभा असलेला एक कारागीर एका भल्या मोठ्या चेहऱ्याची पापणी छोट्या पातीने घासत होता आणि प्रत्येक घासणीनंतर मागे रेलून पाहत होता. तयार शिल्पापेक्षा ते दृश्य माझ्या अधिक लक्षात राहिले. दिव्यांची आरास आवडत असेल, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून नाताळपर्यंत त्याच उद्यानात रोषणाई असते; पण त्या काळात रस्त्यावर बर्फ टिकेलच याची खात्री नसते.

दिवसाची लांबीही ध्यानात घ्या. डिसेंबरअखेरीस सप्पोरोत दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पावणेपाचच्या आसपास. त्यामुळे उजेडात पाहायचे ठिकाण दिवसाला एकच ठेवा.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतात राहणाऱ्या भारतीयांना १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा मिळतो. त्याचा अर्ज अधिकृत व्हिसा केंद्रामार्फत करायचा असतो. अर्जाच्या दिवशी केंद्राची ताजी यादी पाहूनच कागद लावा. आम्हाला लागलेली कागदपत्रे अशी होती:

– पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि ठरवून दिलेल्या मापाचे अलीकडचे छायाचित्र
– विमानाचे आरक्षण आणि सर्व रात्रींचे हॉटेल आरक्षण
– दिवसवार कार्यक्रम, त्यात प्रत्येक दिवसाचे ठिकाण आणि मुक्कामाचा पत्ता
– बँकेचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे
– नोकरीच्या ठिकाणचे पत्र
– दोघांचा खर्च एकच जण करणार असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र

नवविवाहितांनी शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि हॉटेलच्या आरक्षणात सासरचे, असा घोळ सर्रास होतो. तिकीट, हॉटेल आणि अर्ज या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगसह लिहा.

दुसरी अडचण विमानतळावर येते. ई-व्हिसाची सूचना इंटरनेट चालू असलेल्या फोनवर, संकेतस्थळ उघडून दाखवावी लागते. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. दोघांच्याही फोनमध्ये ती उघडते ना, हे घरून निघण्यापूर्वी तपासा आणि फोन पूर्ण चार्ज ठेवा. जपानमधील प्रवेशाची व सीमाशुल्काची माहितीही 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आधीच भरून क्यूआर कोड तयार ठेवावा.

औषधांच्या बाबतीत गाफील राहू नका. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असते आणि ते दहा टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. वेष्टनावरील घटक वाचा आणि शंका असलेली पट्टी घरीच ठेवा. ताजी फळे, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थही सामानात नकोत.

३. सप्पोरोपर्यंत पोहोचणे

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक प्रवासी तोक्योमार्गे न्यू चितोसे विमानतळावर उतरतात. तोक्योहून हे उड्डाण सुमारे दीड तासाचे आहे. तोक्योला नारिता आणि हानेदा असे दोन विमानतळ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच लांब आहेत. स्वस्त तिकिटाच्या नादात उतरायचे एकीकडे आणि पुढचे विमान दुसरीकडून, असे होऊ देऊ नका. जपानमध्ये जिथे प्रथम उतराल तिथेच इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तपासणी होते आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत, असे माझे मत आहे.

रेल्वेने जाण्याचा मोह अनेकांना होतो. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, २०१६ पासून होक्काइदोत येते, पण ती हाकोदातेजवळ थांबते. तिथून सप्पोरोला जाण्यासाठी साध्या द्रुतगती गाडीने आणखी साडेतीन तासांच्या आसपास प्रवास करावा लागतो. बर्फात हा पूर्ण दिवसाचा प्रवास होतो. फक्त सप्पोरो आणि परिसर पाहायचा असेल, तर संपूर्ण जपानचा रेल्वे पासही घेऊ नका. त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

न्यू चितोसे विमानतळाच्या तळघरातूनच सप्पोरोची गाडी सुटते आणि ४० मिनिटांच्या आसपास शहरात पोहोचवते. किताका किंवा सुइका यांसारखे एक प्रीपेड कार्ड प्रत्येकी घ्या. विमानतळाची गाडी, ओतारूची गाडी, भुयारी रेल्वे आणि ट्राम या सगळ्यांत ते चालते.

४. हॉटेल कुठे घ्यावे

सप्पोरोत हॉटेल निवडताना खोलीपेक्षा पत्ता महत्त्वाचा. सप्पोरो स्थानक, ओदोरी आणि सुसुकिनो हे तिन्ही भाग जमिनीखालील पादचारी मार्गांनी जोडलेले आहेत. २०११ साली स्थानक आणि ओदोरी यांमधला रुंद भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून बर्फाचे वादळ असतानाही माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडा आणि उबदार चालत जाऊ शकतो. या मार्गाच्या एखाद्या जिन्यापासून दोन-तीन मिनिटांच्या आत असेल, असेच हॉटेल घ्या.

आम्ही थोडे पैसे वाचवण्यासाठी स्थानकापासून सहाशे मीटरवरचे हॉटेल घेतले होते. नकाशावर आठ मिनिटांचा रस्ता होता. बाहेर पडल्यावर पहिल्या पन्नास पावलांतच बॅगांच्या चाकांत बर्फ घट्ट बसला आणि त्या ओढता येईनात, उचलूनच न्याव्या लागल्या. लोकरीचे हातमोजे बर्फाने भिजले आणि माझ्या पतींची बोटे इतकी बधिर झाली की खोलीत पोहोचल्यावर त्यांना जॅकेटची साखळी उघडता येईना. ते अंतर कापायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. यावर उपाय म्हणजे ताकुहाइबिन, अर्थात सामान घरपोच करणारी सेवा. विमानतळावरच मोठ्या बॅगा त्यांच्याकडे सोपवल्या, की त्या बहुधा दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येतात. एका रात्रीचे कपडे तेवढे पाठपिशवीत ठेवावेत.

५. कपडे आणि बूट

जानेवारीत सप्पोरोचे सरासरी कमाल तापमान शून्याच्या किंचित खाली आणि किमान उणे सहा अंशांच्या आसपास असते. महाबळेश्वरचा स्वेटर आणि त्यावर शाल एवढ्याने इथे भागत नाही. पण खूप जाड असा एकच कोट घेणेही चुकीचे आहे, कारण दुकाने, गाड्या आणि भुयारी मार्ग चांगले तापवलेले असतात आणि तिथे माणसाला घाम फुटतो. तोच घाम बाहेर पडल्यावर अंगावर गार पडतो.

म्हणून कपड्यांचे तीन थर ठेवा: अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचे किंवा फ्लीसचे, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवते. कान झाकणारी कानटोपी, पाणी आत न जाणारे हातमोजे आणि लोकरीच्या मोज्यांचे तीन-चार जोड प्रत्येकी हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस छायाचित्रासाठी नेणार असाल, तर तो हॉटेलमध्येच नेसण्याच्या बेताने न्या. पायघोळ कपड्याची किनार बर्फात भिजते आणि पायात येते.

बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे आणि खोल नक्षीच्या रबरी तळाचे असावेत. पुण्या-मुंबईत तसे मिळाले नाहीत, तर पहिल्याच दिवशी सप्पोरोत घ्या. तिथल्या दुकानांत बुटावर चढवायच्या काट्यांच्या पट्ट्याही मिळतात. त्या जरूर घ्या, मात्र इमारतीत शिरताना काढा, कारण गुळगुळीत फरशीवर त्या उलट घसरतात. किराणा-वजा दुकानांत 'काइरो' नावाच्या उष्ण पुड्या मिळतात. त्या कपड्यावर चिकटवायच्या असतात, त्वचेवर नव्हे. त्वचेवर लावल्यास हळूहळू भाजते आणि ते लवकर कळतही नाही.

विजेचा दाब जपानमध्ये १०० व्होल्ट आहे आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचे. फोनचे चार्जर चालतात, पण घरची किटली किंवा केस वाळवण्याचे यंत्र नीट तापत नाही.

६. बर्फावर चालणे शिका

हा भाग वगळू नका. सहल मोडते ती बहुतेक वेळा इथेच.

ताजा, भुसभुशीत बर्फ धोक्याचा नसतो. धोका असतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या थराचा. चौकातील पादचारी पट्टे, टॅक्सी थांबतात त्या कडा आणि दुकानांच्या दारासमोरच्या जागा सर्वांत निसरड्या असतात, कारण तिथे हजारो पावलांनी बर्फ चोपून गुळगुळीत होतो. दुसऱ्याच दिवशी सिग्नल सुटेल म्हणून मी घाई केली आणि पांढऱ्या पट्ट्यावर सपशेल पडले. मनगट सुजले, हाड मोडले नाही, हे नशीब.

पावले लहान टाका, पूर्ण तळवा एकदम टेकवा, गुडघे किंचित वाकवून ठेवा आणि हात खिशाबाहेर मोकळे ठेवा. हातात हात घालून चालण्याची इच्छा होते, पण काचेसारख्या बर्फावर एक पडला की दुसऱ्यालाही खाली ओढतो. म्हणून अशा जागी सुटे चाला. अनेक चौकांत एक पेटी असते आणि तिच्यात बारीक खडीच्या पिशव्या असतात. रस्ता निसरडा वाटला, तर कोणीही ती खडी पसरू शकतो. एक आजी थांबल्या, पिशवी फाडली, आमच्यासमोर उतारावर खडी टाकली, रिकामी पिशवी पेटीपाशी ठेवली आणि मान लववून निघून गेल्या. नंतर आम्हीही तसेच करू लागलो.

छपरांच्या कडेखालून चालू नका. वर साचलेला बर्फ आणि बर्फाच्या सुळ्या अचानक कोसळतात. प्रवास विमा घेताना अस्थिभंगाचा खर्च त्यात येतो ना, हे पाहा. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

७. शहरात दोन दिवस

ओदोरी उद्यान दीड किलोमीटर लांब आहे. त्याच्या पूर्व टोकाच्या टीव्ही मनोऱ्यावर ९० मीटर उंचीवर सज्जा आहे आणि तिथून सगळे उद्यान सरळ रेषेत दिसते. जवळच १८७८ सालचे लाकडी घड्याळघर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुयामा उद्यानाला लागून असलेल्या होक्काइदो जिंगू या शिंतो मंदिरात जा. उंच झाडांमधून जाणाऱ्या पायवाटेवर बर्फ आवाज गिळून टाकतो आणि शहर मागे राहिल्यासारखे वाटते.

मोइवा डोंगरासाठी संध्याकाळ राखून ठेवा. ट्रामने 'रोपवे इरिगुची' थांब्यावर उतरायचे, तिथून रोपवे आणि मग छोट्या गाडीने ५३१ मीटरच्या माथ्यावर. वर एक घंटा आहे आणि तिच्याभोवतीच्या कठड्याला जोडपी कुलपे लावतात. वारा मात्र बोचरा असतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा, आत उबेत बसा आणि दिवे लागल्यावरच बाहेर पडा. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा.

८. ओतारू: एक पूर्ण दिवस

सप्पोरोहून ओतारूला गाडीने अर्धा ते पाऊण तास लागतो. जाताना उजव्या बाजूला बसा. झेनिबाको स्थानक गेल्यावर रूळ समुद्राला इतके बिलगून जातात की खिडकीखाली लाटाच दिसतात. ओतारूच्या एक स्थानक आधी, मिनामी-ओतारूला उतरावे आणि काचेच्या वस्तूंच्या दुकानांच्या रस्त्याने कालव्याकडे चालत यावे. स्थानकाजवळचा उतार निसरडा असतो, तिथे काटे चढवा.

एके काळी हेरिंग मासेमारीसाठी लागणारे काचेचे तरंगते गोळे आणि रॉकेलचे दिवे इथे तयार होत. आजचा काच-व्यवसाय त्यातूनच वाढला. १९२३ साली पूर्ण झालेल्या कालव्याचा काही भाग पुढे रस्त्यासाठी बुजवला गेला. उरलेला भाग वाचला तो नागरिकांच्या दीर्घ चळवळीमुळे. फेब्रुवारीत इथे बर्फ आणि मेणबत्त्यांचा उत्सव होतो, तेव्हा त्याच काचगोळ्यांत ज्योती ठेवून ते पाण्यावर सोडतात. आम्ही गेलो तेव्हा तो सुरू झाला नव्हता, तरी काळ्या पाण्यावर पडणारा बर्फ आणि गोदामांच्या भिंतींवरचा गॅसबत्त्यांचा पिवळा उजेड पाहत आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

९. जोझांकेई: गरम पाण्याची कुंडे

शहरापासून बसने तासाभरावर डोंगरात जोझांकेई हे ओनसेनचे, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याच्या कुंडांचे, गाव आहे. एक रात्र इथे राहाच, हा माझा आग्रह आहे. बसचे आरक्षण आधी करा.

मराठी जोडप्यांना इथे दोन गोष्टींचे आश्चर्य वाटते. स्त्रिया आणि पुरुष यांची कुंडे वेगळी असतात आणि आत कोणतेही वस्त्र चालत नाही. दोघांना एकत्र बसायचे असेल, तर 'काशिकिरी' म्हणजे तासाच्या हिशेबाने मिळणारे खासगी कुंड असलेले किंवा खोलीलाच कुंड जोडलेले हॉटेल निवडा. संकोच वाटणाऱ्यांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुऊन टाकायचा आणि मगच पाण्यात उतरायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, केस बांधून ठेवायचे. अंगावर गोंदण असेल, अगदी हातावरचे पारंपरिक असले तरी, हॉटेलला आधी विचारा, कारण अनेक ठिकाणी ते चालत नाही. काही हॉटेलांत स्त्री-पुरुषांची कुंडे रात्री आणि सकाळी अदलाबदल होतात, म्हणून दारावरचा पडदा दर वेळी नीट पाहा.

उघड्यावरच्या कुंडात खांद्यापर्यंत ऊन पाणी आणि डोक्यावर भुरभुरणारा बर्फ, हा अनुभव दहा मिनिटांहून जास्त ताणू नका. रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

१०. जेवण

माझे पती मासे खातात, त्यांच्यासाठी सप्पोरो म्हणजे पर्वणी. मी शाकाहारी आहे आणि मला तयारी करावी लागली. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही, कारण रस्सा आणि सॉसमध्ये सुकवलेल्या माशाचे 'दाशी' असते. सप्पोरोचा प्रसिद्ध सूप करी भाज्यांचा मागवला, तरी मूळ पाणी बहुधा कोंबडीचे असते. काही ठिकाणी भाज्यांचा वेगळा रस्सा मिळतो, तो विचारून घ्या. "मांस, मासे आणि दाशीसुद्धा खात नाही" हे वाक्य जपानी लिपीत फोनवर ठेवा. तोंडी सांगायचे तर, "निकु, साकाना, दाशी मो ताबेमासेन."

बटाटा, मका, लोणी, चीज आणि दूध यांसाठी होक्काइदो नावाजलेले आहे. वाफवलेल्या बटाट्यावर लोण्याचा गोळा हा माझा रोजचा आधार होता. घरून मेतकूट, लसणाची चटणी आणि गरम पाण्यात होणारे पोहे नेले होते. बहुतेक खोल्यांत किटली असते आणि साधा भात दुकानात तयार मिळतो. बाहेर उणे आठ असताना खोलीतल्या मेतकूट-भाताची किंमत कळते.

११. परतीचा दिवस

सप्पोरोहून निघून त्याच दिवशी तोक्योहून भारताचे विमान पकडण्याचा बेत करू नका. जोराची हिमवृष्टी झाली की न्यू चितोसेची उड्डाणे रद्द होतात आणि गाड्याही थांबतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सप्पोरोची रेल्वे वाहतूक काही दिवस विस्कळीत झाली होती. तोक्योत एक मोकळी रात्र ठेवा आणि तिथल्या हॉटेलचे आरक्षण रद्द करता येईल असे घ्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान आणि उड्डाणाची स्थिती पाहा, मोठ्या बॅगा आधीच विमानतळाकडे पाठवा, आणि विमानतळाच्या गाडीसाठी हॉटेलमधून नेहमीपेक्षा एक तास लवकर बाहेर पडा.